बाराबंदीआडचे बळ

सोलापूरचा उन्हाळा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो आणि दुपारी शुक्रवार पेठेच्या गल्ल्या ओस पडतात. अशा उन्हात चौदा-पंधरा वर्षांचा एखादा मुलगा शर्टाच्या आत आणखी एक जाड टी-शर्ट घालून शिकवणीला निघतो, तेव्हा घरच्यांना ती ‘आजकालच्या पोरांची फॅशन’ वाटते. प्रत्यक्षात तो मुलगा काहीतरी लपवीत असतो. कुणाला आपले हडकुळे खांदे लपवायचे असतात, कुणाला छातीवर आलेला फुगवटा, कुणाला सुटलेले पोट. पोहायला तो ‘सर्दी आहे’ म्हणून जात नाही, व्यायामाच्या तासाला पाय दुखत असल्याची चिठ्ठी आणतो आणि घरी आला की दार लावून आरशासमोर उभा राहतो. काही महिन्यांनी तोच मुलगा वडिलांकडे जिमच्या शुल्काचे पैसे मागतो. पोरगा व्यायामाला लागला म्हणून वडील आनंदाने पैसे देतात. हा आनंद सार्थ आहे की नाही हे ठरविण्यापूर्वी एक प्रश्न विचारला पाहिजे, आणि तोच बहुतेक घरांत विचारला जात नाही: हा मुलगा शरीर कशासाठी कमावतो आहे?

मुलींच्या बाबतीत समाज थोडाफार जागा झाला आहे. सडपातळ दिसण्याच्या अट्टहासापायी उपाशी राहणाऱ्या मुलींविषयी लेख येतात, शाळांतून व्याख्याने होतात. मुलग्यांच्या बाबतीत मात्र सारे शांत आहे. ‘मुलाला कसले आले आहे रूपाचे दुःख?’ असे गृहीत धरले जाते. मुलगाही ते दुःख बोलून दाखवीत नाही, कारण बोलणे म्हणजेच दुबळेपणा, अशी शिकवण त्याला नकळत मिळालेली असते.

पहिला घाव घरातच

या दुःखाचा सारा दोष चंगळवादावर आणि दूरचित्रवाणीवर ढकलून मोकळे होण्याची आपल्याला सवय आहे. तो दोष आहेच, त्याचा विचार पुढे करू. परंतु पहिला घाव बहुधा घरातच बसतो. ‘काडीपैलवान’, ‘लुकड्या’, ‘ढोल्या’, ‘बटाटा’ ही विशेषणे बाजाराने दिलेली नाहीत. ती काका-मामांनी, मोठ्या भावाने, कधी खुद्द वडिलांनी लग्नाच्या पंगतीत, चार पाहुण्यांदेखत बहाल केलेली असतात. सारे हसतात, मुलगाही हसतो. पण तेराव्या-चौदाव्या वर्षी ऐकलेला तो शब्द माणूस चाळिशीतही विसरत नाही. ‘थट्टा केली, त्यात काय एवढे?’ असे म्हणणाऱ्यांनी आपल्या लहानपणीचे टोपणनाव आठवून पाहावे.

या वयात शरीरात नेमके काय घडते, हे घरातील मोठ्यांना ठाऊक असते तर अशी थट्टा झाली नसती. मुलग्यांची उंची साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी सर्वांत वेगाने वाढते. आधी हातपाय लांबतात, मग धड वाढते आणि खांदे रुंदावून स्नायू भरण्याची क्रिया त्यानंतर, अठरा-वीस वर्षांपर्यंत सावकाश चालू राहते. म्हणजे नववीतला मुलगा बांबूसारखा उंच आणि किडकिडीत दिसतो, यात व्यंग काही नाही. निसर्गाचा क्रमच तसा आहे. एकाच वर्गातल्या दोन मुलांत हे बदल दोन-तीन वर्षांच्या अंतराने सुरू होऊ शकतात. त्यामुळे एकाला मिसरूड फुटलेले असते आणि शेजारचा अजून बालक दिसतो. पुढे दोघेही बरोबरीला येतात.

ज्या गोष्टीविषयी मुलगे मेल्याहून मेल्यासारखे होतात, ती म्हणजे छातीवरचा फुगवटा. वयात येताना होणाऱ्या अंतःस्रावांच्या चढउतारांमुळे सुमारे निम्म्या मुलग्यांना तो कमीअधिक प्रमाणात येतो आणि बहुतेकांचा सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरतो. हे एक वाक्य वडिलांनी मुलाला वेळेवर सांगितले, तर दोन शर्टांच्या आत घामाने भिजणारी कितीतरी मुले मोकळा श्वास घेतील. क्वचित तो टिकून राहिला किंवा दुखू लागला, तर डॉक्टरांना दाखवावे. त्यात लाजण्याचे कारण नाही. पण वडील हे सांगत नाहीत, कारण त्यांच्या वडिलांनीही ते त्यांना सांगितलेले नसते. मग ही पोकळी भरून काढायला बाजार तयारच असतो.

सँडोपासून ‘सिक्स पॅक’पर्यंत

पुरुषाच्या शरीराचे प्रदर्शन आणि त्याचा व्यापार ही गोष्ट आजची नाही. आपण ज्याला सहजपणे ‘सँडो बनियन’ म्हणतो, त्या शब्दामागे युजेन सँडो हा माणूस आहे. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये १९०१ साली त्याने शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरविली, १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला. त्याची पुस्तके आणि व्यायामाची साधने टपालाने जगभर विकली जात. बळ किती आहे यापेक्षा ते कसे दिसते याला मोल आले, ते त्या काळापासून.

आपल्याकडे ही लाट खऱ्या अर्थाने घराघरांत शिरली ती चित्रपटांतून. १९९८ साली सलमान खान उघड्या अंगाने पडद्यावर गायला. २००७ मध्ये ‘ओम शांती ओम’साठी शाहरुख खानने आणि २००८ मध्ये ‘गजनी’साठी आमीर खानने कमावलेल्या पोटाच्या घड्यांची चर्चा चित्रपटांच्या कथेपेक्षा अधिक झाली. त्या घड्यांमागे महिनोन्महिने राबणारे प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ आणि प्रकाशयोजनाकार असतात, हे कुणी सांगितले नाही. दरम्यान २००५ साली खास पुरुषांसाठी गोरेपणाचे मलम बाजारात आले. मुलगाही रूपाचा गिऱ्हाईक होऊ शकतो, हे व्यापाऱ्यांनी पालकांच्या आधी ओळखले होते. आज तर चित्रपटगृहात जाण्याचीही गरज उरलेली नाही. खिशातल्या मोबाईलवर दर मिनिटाला एक नवे कमावलेले शरीर समोर येते आणि त्यातले कोणते मेहनतीचे, कोणते औषधांचे व कोणते केवळ छायाचित्रातल्या करामतीचे, हे चौदा वर्षांच्या मुलाला ओळखता येत नाही.

पाश्चात्त्य देशांनी याची फळे आपल्याआधी चाखली आहेत. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली शरीरसौष्ठव करणाऱ्या पुरुषांमधील एका विचित्र अवस्थेचे वर्णन केले. भरदार शरीराची ही माणसे स्वतःला किडकिडीत समजत होती. चार वर्षांनी, १९९७ मध्ये, त्या विकाराला स्वतंत्र नाव मिळाले आणि २०१३ पासून अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या अधिकृत वर्गीकरणातही त्याचा समावेश झाला. याच पोप यांनी मुलांच्या खेळण्यांतील सैनिकांच्या बाहुल्या मोजून पाहिल्या. तीस-पस्तीस वर्षांत त्या बाहुल्या फुगत गेल्या होत्या. त्यांतील एक बाहुली खऱ्या माणसाच्या उंचीची केली असती, तर तिचा दंड सव्वीस इंचांहून जाड भरला असता. एवढा दंड जगातल्या नामांकित शरीरसौष्ठवपटूंनाही मिळविता आलेला नाही. ज्या मापाचा माणूस नैसर्गिकरीत्या अस्तित्वातच नाही, ते माप मुलापुढे आदर्श म्हणून ठेवायचे आणि तो तिथे पोहोचला नाही की त्याला भुकटी विकायची, असा हा धंदा आहे.

डब्यातली भुकटी आणि सुईतले विष

त्या भुकटीत तरी सांगितले तेवढे असते काय? भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिनपूरकांची तपासणी करणारा एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. सुमारे ७० टक्के डब्यांवरील प्रथिनांची माहिती चुकीची निघाली. काहींत सांगितल्याच्या निम्मीच प्रथिने होती. सुमारे १४ टक्के नमुन्यांत बुरशीजन्य विषे आणि ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश सापडले. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आहारविषयक नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली; अंगावर मांस चढविण्यासाठी अशी पूरके घेऊ नयेत, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे.

डब्याच्या पुढची पायरी अधिक घातक आहे. पुरुषी अंतःस्रावाची कृत्रिम रूपे, म्हणजेच स्टेरॉइड, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास कायद्याने मनाई आहे. तरीही ती गोळ्यांच्या आणि इंजेक्शनांच्या रूपात मुलांपर्यंत पोहोचतात. बाहेरून हे द्रव्य मिळू लागले की शरीर स्वतःचे उत्पादन थांबविते. वृषणे आकसतात, यकृतावर आणि हृदयावर ताण येतो, स्वभाव तापट होतो, आणि औषध बंद केल्यावर खोल नैराश्य येऊ शकते. किशोरवयात आणखी एक हानी होते, ती पुन्हा भरून येत नाही. हाडांच्या टोकांशी असलेले वाढीचे पट्टे मुदतीआधीच जुळून जातात आणि उंची कायमची खुंटते. छातीवरच्या फुगवट्याला लाजून जो मुलगा या वाटेला लागतो, त्याला औषधांमुळेच तो फुगवटा पुन्हा, आणि या वेळी कायमचा, येऊ शकतो. शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी वापरावयाचे मेफेन्टरमिन नावाचे इंजेक्शन व्यायामासाठी जोर यावा म्हणून तरुणांना विकले जात असल्याची प्रकरणेही गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात पोलिसांनी उघडकीस आणली आहेत. हृदयाला चाबूक मारून बैठका काढण्याचा हा प्रकार आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘वजने उचलली की उंची खुंटते’ हे घरोघरी ऐकू येणारे वाक्य खरे नाही. जाणकाराच्या देखरेखीखाली, पेलेल एवढ्या वजनाने केलेला व्यायाम किशोरवयात सुरक्षित आणि हिताचाच असतो, असे बालरोगतज्ज्ञांचे मत आहे. त्यामुळे मुलगा जिममध्ये जातो म्हणून त्याच्यावर ओरडण्याचे कारण नाही. तिथे त्याला कोण, काय आणि कशासाठी शिकवितो, हे पाहण्याचे कारण मात्र नक्की आहे.

औंधच्या राजाचा अनुभव

‘आपली परंपरा थोर, हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ’ असे म्हणणे सोपे असते. पण आपल्या परंपरेतील जाणत्या माणसांनाही या खुळाने एकेकाळी भुरळ घातली होती, आणि त्यातून ते शहाणे होऊन बाहेर पडले, हे अधिक बोधप्रद आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचे उदाहरण घ्यावे. सोलापूर जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेली आटपाडी या संस्थानातच मोडत असे. १८९७ च्या सुमारास त्यांनी सँडोची पुस्तके आणि सारी साधने मागविली आणि जवळजवळ दहा वर्षे त्या पद्धतीने निष्ठेने व्यायाम केला. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले ते कायमचेच. आपल्या संस्थानातील शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले, त्यावर ग्रंथ लिहिले आणि वयाच्या ऐंशीनंतर, १९५१ साली, त्यांचे निधन झाले. राजाला महागडी साधने परवडत होती. तरीही त्याने प्रजेला दिला तो व्यायाम असा, ज्याला सतरंजीएवढी जागा आणि पहाटेची अर्धी घटका याखेरीज काही लागत नाही. त्यात आरसाही लागत नाही. शाखेच्या मैदानावर किंवा शाळेच्या पटांगणात रांगेने सूर्यनमस्कार घालणाऱ्या मुलांचे डोळे समोरच्याच्या दंडाकडे नसतात. सर्वांचे लक्ष एका तालात पुढची स्थिती घेण्याकडे असते. आपण कसे दिसतो, याचा तेवढा वेळ तरी विसर पडतो.

लोकमान्य टिळकांचा दाखला तर किशोरवयीन मुलांसमोर मुद्दाम ठेवण्याजोगा आहे. १८७३ साली डेक्कन कॉलेजात पाऊल ठेवताना बाळ गंगाधर टिळक सोळा-सतरा वर्षांचे होते आणि प्रकृतीने किरकोळ होते. त्यांनी पहिले वर्ष कुस्ती, पोहणे आणि नाव वल्हविणे यांत घालविले. परीक्षेचे ते वर्ष हातचे गेले. आजच्या पालकांना ही गोष्ट ऐकूनच घाम फुटेल! पण त्या वर्षाचे व्याज पुढे मंडालेच्या तुरुंगात, १९०८ ते १९१४ या सहा वर्षांत, कामी आले. शरीर बदलण्याची इच्छा टिळकांनाही झाली होती, हे लक्षात घेतले पाहिजे. ती इच्छा वाईट नाही. त्या तरुणाने शरीराकडे मागितली ती सहनशक्ती होती. आजचा मुलगा त्याच शरीराकडे छायाचित्र मागतो.

व्यायामशाळांच्या भिंतींवर शरीराला धर्माचे पहिले साधन ठरविणारे एक संस्कृत वचन हटकून रंगविलेले असते. ते कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’तले आहे. मात्र ते कुणाला उद्देशून आहे, हे सहसा सांगितले जात नाही. इच्छित वर मिळावा म्हणून उग्र तप करून देह झिजविणाऱ्या पार्वतीला, बटूच्या वेषात आलेले शंकर हे बोलतात. म्हणजे ते दंड फुगविण्याचे आवाहन नाही. एखाद्या ध्येयाच्या वेडापायी शरीराचे हाल करू नकोस, तुझ्या शक्तीच्या मर्यादेत राहा, असा तो आपुलकीचा प्रश्न आहे. आपल्या आयुर्वेदानेही व्यायाम अर्ध्या शक्तीइतकाच करावा, कपाळावर घाम आला आणि तोंडाने श्वास सुरू झाला की थांबावे, असे सांगितले आहे. रात्री अकरापर्यंत लोखंड उचलून, सकाळी भुकटी पिऊन, शाळेत डुलक्या घेणाऱ्या मुलाला हे वचन भिंतीवरून खाली उतरवून समजावून द्यायला हवे.

आणि ज्याला ‘काडीपैलवान’ म्हणून हिणविले जाते, त्याला खाशाबा जाधवांची गोष्ट सांगावी. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत असताना, अंगाने किरकोळ दिसतो म्हणून क्रीडाशिक्षकांनी त्याला स्पर्धेत उतरवायला नकार दिला होता, असे सांगितले जाते. प्राचार्य खर्डेकरांनी संधी दिली आणि त्याने आपल्यापेक्षा धिप्पाड मल्लांना अस्मान दाखविले. याच प्राचार्यांनी पुढे स्वतःचे घर गहाण टाकून त्याच्या परदेशवारीसाठी पैसे उभे केले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५७ किलो वजनाच्या गटात खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच्यासारख्या अंगकाठीच्या मुलाला एका मोठ्या माणसाने हिणविण्याऐवजी विश्वास दिला, तर काय घडते, याचा तो पुरावा आहे.

नंदीध्वज पेलणारे खांदे

सोलापूरकरांना तर यासाठी कराडपर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. दरवर्षी संक्रांतीला ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते. गगनचुंबी असे सात नंदीध्वज मिरवणुकीने निघतात, अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा होते आणि संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. ते नंदीध्वज तोलून चालणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. यात्रेच्या आधी कित्येक दिवस त्याचा सराव चालतो. कमर, पाठ, मांड्या, मनगटे आणि मन यांची एकाच वेळी परीक्षा असते. आणि ही परीक्षा देणारा भक्त पांढऱ्या शुभ्र बाराबंदीत, नखशिखांत झाकलेला असतो! त्याचे दंड कुणाला दिसत नाहीत, छातीचे माप कुणी घेत नाही. रस्त्याच्या दुतर्फा उभा असलेला समाज एकच गोष्ट पाहतो: काठी हलली की नाही. एकटा दमला तर दुसरा पुढे येतो. बळ अंगात मुरलेले आहे, ते झाकलेले आहे आणि ते देवाच्या व समाजाच्या कामी लागलेले आहे. शरीरसाधनेची याहून नेमकी व्याख्या कोणत्या पुस्तकात सापडेल?

शुक्रवार पेठेला तर या संस्काराचा शेजारच लाभलेला आहे. १८८५ पासूनची परंपरा सांगणारा श्रद्धानंद समाजाचा आजोबा गणपती याच पेठेत आहे. पाणीवेस तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही जुन्या सोलापुरातील मंडळांची नावेच सांगतात, की या गावात उत्सव आणि आखाडा एका घरात नांदत होते. गणेशोत्सवात शिस्तीत लेझीम खेळणारी पथके हे आजही सोलापूरचे भूषण आहे. परंतु किती ठिकाणी ‘तालीम’ हा शब्द केवळ फलकापुरता उरला आहे, याचा हिशोब आपणच केला पाहिजे. तालमीत वस्ताद असे. तो मुलाची नुसती छाती मोजत नसे. पोरगा कुणात बसतो-उठतो, काय खातो, आईशी कसा बोलतो यावरही त्याचे लक्ष असे. त्या वस्तादाची जागा आज शिफारशीच्या प्रत्येक डब्यामागे दलाली मिळविणाऱ्या कुणा ‘ट्रेनर’ने घेतली असेल, तर जागा रिकामी कुणी केली?

आखाडा म्हटला की सारे पवित्र, असाही भ्रम नको. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२३ च्या आकडेवारीनुसार भारतात तपासलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी ३.८ टक्के दोषी निघाले. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते आणि दोषींत कुस्तीगीरही आहेत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या राज्य मैदानी स्पर्धेत उत्तेजक तपासणीचे अधिकारी येताच शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू उरला. बाकीचे पसार झाले होते. विकार केवळ आरशात आहे असे नाही. फळ झटपट हवे, या हव्यासात तो आहे, आणि तो लाल मातीतही उतरू शकतो.

करावयाचे काय?

पहिली गोष्ट घरातील जिभेला आवर. मुलाच्या शरीरावरून थट्टा करणार नाही, आणि पाहुण्यांनी केली तर त्यांना जागच्या जागी थांबवीन, एवढा नियम प्रत्येक वडिलांनी पाळावा. मुलाचे कौतुक करायचे झाल्यास त्याच्या दिसण्यापेक्षा करण्याचे करावे. पाण्याची घागर दोन मजले चढवून आणली, आजोबांना हात धरून दवाखान्यात नेले, सायकलवरून पाच किलोमीटर जाऊन आला, हे सांगावे.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघरातली. देशातील किशोरवयीनांच्या पोषणाची २०१६-१८ मध्ये मोठी पाहणी झाली. तीत सुमारे २४ टक्के मुले-मुली वयाच्या मानाने कृश आढळली. तेव्हा आहाराचा प्रश्न खरा आहे. पण त्याचे उत्तर तीन हजारांच्या डब्यात नाही. पन्नास किलो वजनाच्या मुलाला दिवसाला साधारण ४५ ग्रॅम प्रथिने लागतात. ज्वारीच्या दोन-तीन भाकऱ्या, मूठभर शेंगा किंवा शेंगांची चटणी, वाटीभर डाळ, मटकीची उसळ आणि दोन पेले दूध एवढ्यात ती भरून निघतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि सोलापूरच्या शेंगाचटणीला साऱ्या महाराष्ट्रात मान आहे. तो मान आपल्या मुलांच्या ताटात मिळाला की पुरे.

तिसरी गोष्ट मापाची. पोलीस भरतीचे स्वप्न सोलापूरच्या असंख्य मुलांच्या डोळ्यांत असते आणि पहाटे मैदानावर ती धावताना दिसतात. महाराष्ट्र पोलीस शिपायासाठी छातीची अट आहे न फुगविता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून ५ सेंटिमीटर अधिक. म्हणजे साधारण एकतीस इंच! पोटावर घड्या किती, हे शासन विचारीत नाही. ते १,६०० मीटर धाव, १०० मीटर धाव आणि गोळाफेक यांचे गुण मोजते. समाजाचे रक्षण करायला निघालेल्या माणसाकडून राज्याला हवे आहे ते एवढेच. हे माप मुलांना दाखवावे.

चौथी गोष्ट सावधपणाची. मुलगा सतत आरशात पाहत असेल किंवा आरसाच टाळत असेल, एक दिवस व्यायाम चुकला तर सैरभैर होत असेल, घरचे जेवण सोडून वेगळेच मोजूनमापून खात असेल, पाठीवर आणि खांद्यांवर अचानक खूप मुरुमे आली असतील, स्वभाव एकाएकी तापट झाला असेल, घरातील पैसे कमी होऊ लागले असतील, तर ओरडू नये, दप्तर उलथेपालथे करू नये. आधी शांतपणे बसून बोलावे आणि नंतर डॉक्टरांकडे न्यावे. शासनाची ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. मराठीतूनही बोलता येते. मनाच्या दुखण्यासाठी मदत मागणे हा दुबळेपणा नाही, हे मुलांना वडिलांच्याच तोंडून ऐकायला मिळाले पाहिजे.

आणि शेवटची गोष्ट कार्यकर्त्यांसाठी. आपल्या पेठेत, आपल्या मंडळात, आपल्या शाळेत पहाटे किंवा सायंकाळी तासभर देणारा एक जाणता माणूस उभा करणे एवढे कठीण आहे काय? त्यासाठी यंत्रे नकोत, वातानुकूलित दालन नको. एक मोकळे मैदान, दहा-वीस मुले, आणि त्यांना नावाने हाक मारणारा एक वडीलधारा एवढे पुरते. त्या वडीलधाऱ्याने किडकिडीत मुलालाही खेळात घ्यावे, जाड मुलालाही घ्यावे आणि दोघांनाही एकेक जबाबदारी द्यावी. आपले शरीर कुणाच्या तरी उपयोगी पडते, हा अनुभव ज्या मुलाला एकदा आला, त्याला आरशाकडून प्रशस्तिपत्र मागावे लागत नाही. तो अनुभव बाजारात विकत मिळत नाही. तो देणे मोठ्यांच्याच हाती आहे.